खर्जाचा सेवक : मिल्ट हिंटन यांचे वादन व विद्यादान

महोत्सवाच्या स्मरणिकेत देवळाचा इतिहास यावा, धर्मगुरूंची मालिका यावी, शाळेचा व निरनिराळ्या मंडळांचा वृत्तान्त यावा, हे योग्यच आहे. ते काम आमच्याहून अधिक अधिकारी लेखकांनी केले आहे. आम्ही मात्र वाचकांची अनुज्ञा घेऊन एका दूरदेशीच्या वादकाची हकिकत सांगणार आहोत. हा वादक आमच्या धर्मग्रामाचा नव्हता, आमच्या देशाचाही नव्हता, आणि ज्या जॅझ संगीतात त्याने कीर्ती मिळविली ते आमच्या देवळात सहसा ऐकू येत नाही. मग त्याचे स्मरण येथे कशाला, असे कोणी विचारील. त्यास आमचे उत्तर असे की, देवळातील गायनवृंद असो वा नाचाच्या दिवाणखान्यातील वाद्यमेळ असो, दोहोंची इमारत खर्जावर उभी असते. वरच्या स्वरात गाणाऱ्याकडे सर्वांचे कान जातात. खालचा स्वर धरून ठेवणाऱ्याकडे कोणी पाहत नाही. तो चुकला म्हणजे मात्र सर्वांस कळते. ज्याने उणीपुरी सत्तर वर्षे हा खालचा स्वर धरला आणि पुढे तोच इतरांस शिकविला, अशा एका गृहस्थाचे हे चरित्र आहे. त्यात आमच्या मुंबईचा व गोमंतकाचाही थोडा धागा गुंतलेला आहे. तो शेवटी उकलून दाखवू.

मिल्टन हिंटन यांचा जन्म २३ जून १९१० रोजी अमेरिकेच्या दक्षिण भागातील मिसिसिपी संस्थानात, व्हिक्सबर्ग या गावी झाला. मूल तीन महिन्यांचे असता वडील घर सोडून गेले. आई हिल्डा, आजी आणि दोन मावश्या यांच्या हाताखाली मिल्ट वाढला. आजीने गुलामगिरीचे दिवस पाहिले होते. गुलामगिरी कायद्याने गेली तरी त्या प्रांतात कृष्णवर्णीय माणसाचा जीव स्वस्तच राहिला होता. चौकशी नाही, न्यायासन नाही; जमावाने एखाद्यास धरावे व झाडास टांगावे, असे प्रकार तेथे वरचेवर घडत. असाच एक प्रसंग लहान मिल्टच्या दृष्टीस अकस्मात पडला. पुढे नव्वदीपर्यंत जगलेल्या या मनुष्याच्या बालपणीच्या आठवणींत ती आठवण सर्वांत स्पष्ट राहिली, असे ते स्वतः सांगत.

१९१९ च्या अखेरीस हे कुटुंब उत्तरेकडे शिकागो शहरी गेले. त्या काळी दक्षिणेतील लक्षावधी कृष्णवर्णीय कुटुंबे आगगाडीने उत्तरेच्या कारखानदार शहरांकडे चालली होती. शिकागो म्हणजे काही स्वर्ग नव्हता. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात तेथे गोऱ्या व काळ्या लोकांत दंगा होऊन ३८ माणसे प्राणांस मुकली होती. तथापि त्या शहरात मिल्टने एक गोष्ट प्रथमच पाहिली. काळ्या कातडीचा माणूस डॉक्टर असू शकतो, दुकानदार असू शकतो, वर्तमानपत्राचा मालक असू शकतो. काळा असणे म्हणजे दरिद्री असणेच नव्हे. दुसरी गोष्ट जी त्याने पाहिली, किंबहुना ऐकली, ती म्हणजे संगीत. नाट्यगृहांतून, नाचघरांतून, देवळांतून व पुढे नभोवाणीवरून ते त्या वस्तीत अष्टौप्रहर वाहत होते. लुई आर्मस्ट्राँग यांचा कर्णा व अर्ल हाइन्स यांचा पियानो हे त्या वस्तीचे भूषण होते.

मिल्टच्या मातोश्री पियानो वाजवीत, शिकवीत आणि देवळाचा गायनवृंद चालवीत. १९२३ साली तेराव्या वाढदिवशी त्यांनी मुलास व्हायोलिन आणून दिले. गरिबाघरी व्हायोलिन येणे ही सामान्य गोष्ट नव्हे; त्यामागे त्या माउलीचा एक निश्चित हिशेब होता. मुलाने सभ्य विद्या शिकावी, कागदावरील स्वर वाचावेत, आणि वाद्याच्या बळावर प्रतिष्ठेने पोट भरावे, असा तो हिशेब. त्यास शाळेनेही साथ दिली. वेंडेल फिलिप्स या शाळेत मेजर एन. क्लार्क स्मिथ नावाचे संगीतशिक्षक होते. ते पूर्वी टस्कीगी येथील प्रसिद्ध विद्यालयात बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या हाताखाली बँड शिकवीत असत. शिस्तीत ते लष्करी अधिकाऱ्यासारखे होते, आणि त्यांच्यापाशी शिकलेली मुले पुढे मोठमोठ्या वाद्यमेळांत जाऊन बसली. ढोल व व्हायब्राफोन वाजविणारे विख्यात लायोनेल हॅम्प्टन हे याच स्मिथांच्या बँडमधले. आमच्या वाचकांस कौतुक वाटेल की, या हॅम्प्टनांच्या हाती ढोलाच्या काठ्या प्रथम दिल्या त्या केनोशा गावच्या एका कॅथलिक शाळेतील धर्मभगिनीने. मोठ्या वादकांच्या चरित्रांची पहिली पाने चाळली तर तेथे असा एखादा शिक्षक अथवा शिक्षिका बहुधा उभी दिसतेच.

परंतु मातोश्रींचा हिशेब दोन ठिकाणी चुकला, आणि दोन्ही ठिकाणी चूक त्यांची नव्हती. अमेरिकेतील मोठ्या सिम्फनी वाद्यवृंदांत कृष्णवर्णीय वादकास त्या काळी स्थान नसे. तो कितीही गुणी असला तरी दार बंद. मग काळ्या व्हायोलिनवादकास उरत असे एकच जागा, ती म्हणजे मूकपटगृहातील वाद्यवृंद. पडद्यावर चित्र हलत असे आणि खाली पंधरावीस वादक प्रसंगास अनुरूप संगीत वाजवीत. शिकागोच्या दक्षिण वस्तीतील व्हेंडोम चित्रगृहात अर्स्किन टेट यांचा असाच नामांकित वाद्यवृंद होता. १९२७ च्या ऑक्टोबरात ‘द जॅझ सिंगर’ हा चित्रपट निघाला, पडदा बोलू लागला, आणि थोड्याच काळात चित्रगृहांनी आपले वाद्यवृंद मोडून टाकले. चार वर्षे व्हायोलिन शिकलेला सतरा वर्षांचा मिल्ट पाहतो तो काय, ज्या जागेसाठी आपण तयार झालो ती जागाच जगातून नाहीशी झाली!

याच वयातील एक हकिकत हिंटन स्वतः रंगवून सांगत असत. त्या वेळी अमेरिकेत दारूबंदी होती आणि शिकागोत अल कपोन याचे चोरट्या दारूचे साम्राज्य होते. ती दारू पोहोचविणाऱ्या गाडीवर मिल्ट काम करीत असता अपघात झाला व त्याच्या उजव्या हाताचे एक बोट तुटून लोंबू लागले. शल्यवैद्य ते कापून टाकण्याच्या बेतात होते. इतक्यात स्वतः कपोन तेथे आला आणि त्याने बोट कापू नका अशी ताकीद दिली. बोट वाचले. दुर्जनाच्या हातूनही कधी एखादे बरे कृत्य घडते, ते असे. त्या बोटाने पुढे जी तार छेडली ती अर्ध्या जगाने ऐकली.

मिल्टने व्हायोलिन खाली ठेवले, परंतु संगीत सोडले नाही. नाचघरांतील जॅझ मंडळ्यांस व्हायोलिनची गरज नव्हती; खर्ज वाजविणारा मात्र प्रत्येकास हवा होता. प्रथम त्याने ट्यूबा हे फुंकून वाजविण्याचे पितळी वाद्य धरले. १९३० च्या वसंतात पियानोवादक टायनी पारहॅम यांच्या मंडळीत त्यास पहिली कायम नोकरी मिळाली, आणि त्याच वर्षी ४ नोव्हेंबर रोजी त्याच्या ट्यूबाची पहिली तबकडी निघाली. लवकरच तो डबल बासकडे वळला. हे वाद्य आमच्या पुष्कळ वाचकांनी चित्रात तरी पाहिले असेल : माणसाहून उंच, व्हायोलिनच्या कुळातील, जमिनीवर उभे ठेवून वाजविण्याचे. त्यास चार जाड तारा असतात. सर्वांत खालची तार सेकंदास सुमारे ४१ वेळा कंप पावते, म्हणजे कानास ती जितकी ऐकू येते तितकीच छातीस जाणवते. सिम्फनीत ते गजाने वाजवितात. जॅझमध्ये बहुधा बोटांनी छेडतात.

त्या काळी ध्वनिवर्धक सर्वत्र नव्हते. कर्णे आणि ढोल यांच्या गदारोळात बोटाने छेडलेली तार ऐकू जावी कशी? न्यू ऑर्लिअन्सहून शिकागोस आलेले वृद्ध बासवादक बिल जॉन्सन यांच्यापाशी यावर तोड होती. ते तार ओढून अशी सोडीत की ती लाकडी पट्टीवर आपटून फाडकन वाजे. स्वराचा स्वर आणि तालाचा ताल. ही विद्या हिंटन त्यांच्यापाशी शिकले आणि पुढे तिचे सर्वांत नामांकित वारस ठरले. परंतु एवढ्यावर त्यांचे समाधान झाले नाही. शिकागोच्या संगीतनाटक मंडळीत दिमित्री श्मुक्लोव्हस्की हे रशियातून आलेले बासवादक होते. गज कसा धरावा व कसा चालवावा हे हिंटन यांनी त्यांच्यापाशी विधिपूर्वक शिकून घेतले. सिम्फनीचे दार बंद होते, म्हणून सिम्फनीची विद्या घ्यावयाची नाही, असे त्यांनी केले नाही. ही गोष्ट आमच्या मते त्यांच्या सर्व कीर्तीहून मोठी आहे. ज्या घरात आपणांस बोलावणार नाहीत त्या घरची भाषाही नीट शिकून ठेवावी, यास फार मोठे मन लागते.

१९३२ ते १९३५ पर्यंत ते एडी साउथ यांच्या मंडळीत होते. साउथ हे स्वतः अप्रतिम व्हायोलिनवादक. शिकागोत आणि युरोपातही शिकलेले. त्यांचा रंग निराळा असता तर ते एखाद्या मोठ्या सभागृहात एकल वादनास उभे राहिले असते. त्याऐवजी ते हॉटेलांतून व नाचघरांतून वाजवीत. हिंटन रोज रात्री त्यांच्या मागे उभे राहून खर्ज धरीत. स्वतः टाकलेले वाद्य आपल्याहून थोर माणसाच्या हाती पाहावे आणि त्या थोर माणसासही तेच दार बंद असलेले पाहावे, यात त्या तरुणास काय वाटले असेल याची कल्पना वाचकांनीच करावी.

१९३६ साली कॅब कॅलोवे यांच्या प्रसिद्ध वाद्यमेळात एका बासवादकाची जागा तात्पुरती रिकामी झाली. न्यूयॉर्कला पोहोचेपर्यंत एखादा माणूस हवा, एवढ्याच बोलीवर हिंटन त्यांच्याबरोबर निघाले, आणि पंधरा वर्षे राहिले. कॅलोवे यांचा थाट राजेशाही होता. दक्षिणेत फिरताना मंडळी स्वतःचा आगगाडीचा डबा घेऊन जात व त्यातच झोपत, कारण हजारो गोरे लोक ज्यांचे वादन ऐकण्यास पैसे मोजीत त्याच वादकांस गावातील हॉटेल खोली देत नसे. १९३९ साली कॅलोवे यांनी ‘प्लकिन् द बेस’ ही तबकडी काढली, तीत हिंटन यांचा बास पुढे आणला. पाठीमागे उभे राहणाऱ्या वाद्यास असा मान त्या काळी क्वचितच मिळे.

या प्रवासात हिंटन यांच्यापाशी दुसरे एक साधन होते. १९३५ साली पंचविसाव्या वाढदिवशी कोणी त्यांस छायाचित्रे घेण्याचा कॅमेरा भेट दिला होता. सोबती झोपलेले असता, जेवीत असता, पत्ते खेळत असता, रंगमंचामागे वाट पाहत असता ते चित्रे घेत. १९४० साली अटलांटा येथील स्थानकावर कृष्णवर्णीयांसाठी राखलेल्या प्रवेशद्वाराच्या पाटीखाली उभ्या असलेल्या वादकांचे त्यांनी घेतलेले चित्र आज इतिहासाचा पुरावा मानले जाते. उत्तम पोशाख केलेले, हसतमुख, देशभर नावाजलेले ते वादक आणि त्यांच्या डोक्यावरची ती पाटी! त्यांनी एकंदर सुमारे ६०,००० चित्रे घेतली. एकट्या एका वादकाने आपल्या बांधवांची एवढी मोठी बखर चित्रांनी लिहून ठेवावी, हे उदाहरण विरळच.

विद्यादानाचा विषय निघाला आहे, तर येथे एक प्रसंग सांगितलाच पाहिजे. १९३९ साली डिझी गिलेस्पी नावाचा बावीस वर्षांच्या आतबाहेरचा कर्णावादक कॅलोवे यांच्या मंडळीत आला. त्याच्या डोक्यात नव्या स्वरमेळांच्या कल्पना घोळत होत्या. मंडळीतील जुन्या माणसांस त्या वेड्यावाकड्या वाटत. हिंटन वयाने सात वर्षांनी वडील व मंडळीत मुरलेले. परंतु खेळांच्या मधल्या वेळात ते आपले अवजड वाद्य कॉटन क्लबच्या गच्चीवर चढवून नेत आणि तेथे हा तरुण त्यांस नवे स्वरमेळ समजावून देई. वडिलाने धाकट्यापाशी शिकावे, तेही लपूनछपून नव्हे, मंडळीच्या देखत, ही नम्रता सर्वांस साधत नाही. १९४१ च्या सप्टेंबरात हार्टफर्ड येथे एका रात्री कोणी कागदाचा गोळा रंगमंचावर फेकला. कॅलोवे यांस वाटले गिलेस्पीनेच फेकला; शब्दास शब्द वाढून चाकू निघाला, कॅलोवे यांस किरकोळ जखम झाली आणि गिलेस्पीची नोकरी गेली. गोळा फेकणारा दुसराच होता. काढून टाकलेल्या त्या तरुणाने पुढील चारपाच वर्षांत जॅझ संगीताची दिशाच पालटली, आणि त्या नव्या विद्येचे पहिले धडे ज्यांनी गच्चीवर बसून घेतले होते ते हिंटन तीस समजणाऱ्या जुन्या पिढीतील थोड्या लोकांपैकी एक राहिले.

महायुद्धानंतर मोठ्या वाद्यमेळांचा काळ ओसरला. कॅलोवे यांस मंडळी लहान करावी लागली व शेवटी मोडावी लागली. चाळिशीच्या हिंटन यांस न्यूयॉर्कमध्ये दारोदार काम शोधण्याची पाळी आली. १९५३ मध्ये ते लुई आर्मस्ट्राँग यांच्याबरोबर काही महिने देशोदेशी फिरले. ध्वनिमुद्रणाच्या खोल्यांत चांगले वेतन मिळे, परंतु तेथील वाद्यवृंदांत गोऱ्यांचाच भरणा असे. नट व विनोदवीर जॅकी ग्लीसन यांची व हिंटन यांची जुनी ओळख होती. रस्त्यात गाठ पडताच ग्लीसन यांनी हालहवाल विचारला, आणि काम नाही असे कळताच, माझ्या पुढच्या ध्वनिमुद्रणात हा मनुष्य बसेल, असे आपल्या व्यवस्थापकास बजावले. त्या खोलीत हिंटन गेले तेव्हा ते एकटेच काळे होते. बंद दार उघडण्यास पुष्कळदा कायदा लागतो. कधी आत बसलेल्या एकाच माणसाने कडी काढली तरी पुरते.

एकदा आत गेल्यावर त्यांस कोणी बाहेर काढू शकले नाही. कागद पुढे ठेवावा आणि पहिल्याच खेपेस बिनचूक वाजवावे, वेळेवर यावे, कोणाशी तंटा करू नये, ही त्यांची ख्याती झाली. मातोश्रींनी व मेजर स्मिथांनी शिकविलेले स्वरवाचन, श्मुक्लोव्हस्कींचा गज, जॉन्सनची तार, गिलेस्पीचे स्वरमेळ, सर्व येथे कामास आले. पुढील दोन दशके ते एका दिवसात दोनतीन ध्वनिमुद्रणे करीत. जॅझच्या तबकड्यांची जी जंत्री झाली आहे तीत त्यांचे नाव हजाराहून अधिक ध्वनिमुद्रणांत सापडते. शिवाय लोकप्रिय गीते व जाहिरातींची गाणी यांची मोजदादच नाही. बॉबी डॅरिन यांचे ‘मॅक द नाइफ’, ड्रिफ्टर्स मंडळीचे ‘अंडर द बोर्डवॉक’ ही गाणी ज्यांनी ऐकली त्यांनी हिंटन यांचा खर्ज ऐकला, पण नाव ऐकले नाही. १९५९ च्या मार्चमध्ये थोर गायिका बिली हॉलिडे यांचे अखेरचे ध्वनिमुद्रण झाले, तेथेही बास हिंटन यांचाच होता. हाती कॅमेराही होता. खंगलेल्या त्या गायिकेची त्या दिवशी त्यांनी घेतलेली चित्रे पाहवत नाहीत, आणि विसरताही येत नाहीत.

पत्नी मोना यांचा उल्लेख केल्यावाचून हे चरित्र अपुरे राहील. त्या हिंटन यांच्या मातोश्रींच्या देवळातील गायनवृंदात गात असत. तेथेच उभयतांची ओळख झाली. पुढे क्वीन्स विभागातील त्यांचे घर तरुण वादकांस सदैव उघडे असे. १२ ऑगस्ट १९५८ रोजी हार्लेम येथे एका घराच्या पायऱ्यांवर ५७ जॅझ वादकांचे जे जगप्रसिद्ध चित्र घेण्यात आले त्यात हिंटन आहेतच. आणि त्या सकाळचे जे हलते चित्र आज पाहावयास मिळते ते घेण्यात मोनाबाईंचा हात होता.

साठी उलटल्यावर हिंटन शिक्षक झाले. १९७० च्या दशकापासून न्यूयॉर्कच्या हंटर व बरूक या सार्वजनिक महाविद्यालयांत ते जॅझचे वर्ग घेऊ लागले. त्या वेळी जॅझ हा शास्त्रशुद्ध अभ्यासाचा विषय होऊ शकतो हे विद्वानांनी नुकतेच मान्य केले होते. पण तो शिकवावा कोणी? ज्याने तो रस्त्यावर, आगगाडीत, गच्चीवर व ध्वनिमुद्रणाच्या खोलीत कमावला त्यानेच. बासवादक त्यांस प्रेमाने ‘जज्ज’ म्हणत. १९८० साली त्यांच्या सत्तराव्या वाढदिवशी मित्रांनी व शिष्यांनी त्यांच्या नावे होतकरू बासवादकांसाठी शिष्यवृत्तीचा निधी उभारला. १९८८ साली ब्रॅनफर्ड मार्सालिस या अठ्ठावीस वर्षांच्या आतल्या सॅक्सोफोनवादकाने आपल्या ‘ट्रायो जीपी’ या ध्वनिमुद्रणासाठी त्यांस पाचारण केले. तेव्हा हिंटन ७७ वर्षांचे होते. एकेकाळी गच्चीवर धाकट्यापाशी बसणारा मनुष्य म्हातारपणीही धाकट्यांत बसला. त्याच वर्षी त्यांचे आत्मवृत्त व चित्रे ‘बेस लाइन’ या ग्रंथात प्रसिद्ध झाली. १९९३ मध्ये अमेरिकन सरकारच्या कलानिधीने त्यांस ‘जॅझ मास्टर’ हा सर्वोच्च सन्मान दिला. १९ डिसेंबर २००० रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी त्यांचे देहावसान झाले. त्यांची वाद्ये व कागदपत्रे आज ओहायोतील ओबर्लिन संगीत विद्यालयाने जतन केली असून तेथे त्यांच्या नावाने तरुण बासवादकांसाठी उन्हाळी वर्ग भरविण्यात आले आहेत.

आता तो मुंबईचा धागा. अर्स्किन टेट यांच्या ज्या वाद्यवृंदाचा वर उल्लेख केला, त्यात हिंटनही काही काळ वाजवीत. त्यांच्या आधी त्याच वृंदात टेडी वेदरफर्ड नावाचे पियानोवादक होते. ते १९२६ साली आशियाकडे निघाले, शांघायमध्ये राहिले व पुढे मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवू लागले. त्यांच्या थोडे आधी, १९३५ साली, लिऑन अॅबी या कृष्णवर्णीय व्हायोलिनवादकाने आपली मंडळी त्याच हॉटेलात आणली होती. शिकागोत व न्यूयॉर्कमध्ये ज्यांस दारे बंद होती असे गुणी लोक आमच्या अपोलो बंदरावर येऊन मानाने वाजवीत होते. वेदरफर्ड १९४५ साली कलकत्त्यास पटकीने वारले आणि तेथील मातीतच विसावले.

या पाहुण्यांच्या मंडळीत जागा भरण्यास वादक कोठून आले? गोमंतकातून. तेथील देवळांच्या शाळांत ‘मेस्त’ मुलांस स्वरलिपी व व्हायोलिन शिकवीत. मिस्सेचे गायन व सणांचे संगीत त्यांच्याच शिष्यांच्या हाती असे. कुडचड्याचे फ्रँक फर्नांड हे कर्णावादक या अमेरिकन मंडळीत वाजवून शिकले. पुढे त्यांनी हिंदी चित्रपटांच्या संगीताची सेवा केली व कोंकणी चित्रपटही काढले. हिंटन न्यूयॉर्कच्या ध्वनिमुद्रणाच्या खोल्यांत निनावी वाजवीत होते त्याच काळात आमचे गोमंतकीय बंधू दादर व ताडदेव येथील खोल्यांत निनावी वाजवीत होते. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) हे त्यांतलेच व्हायोलिनवादक व शिक्षक. त्यांच्या शिष्याने, संगीतकार प्यारेलाल यांनी, १९७७ साली एका गाण्यात गुरूचे नाव गुंफले म्हणून ते नाव घरोघर पोहोचले. एरवी ते किती लोकांस ठाऊक झाले असते? शिक्षकाचे नाव जगास कळावयाचे तर ते शिष्याच्या तोंडूनच कळते.

असो. हिंटन यांच्या चरित्रावरून एक चुकीचा बोध निघण्याचा संभव आहे, तो टाळला पाहिजे. दार बंद होते म्हणून व्हायोलिन सुटले, आणि व्हायोलिन सुटले म्हणून जगास एक महान बासवादक मिळाला. तेव्हा झाले ते बरेच झाले, असे कोणी म्हणेल. आम्ही तसे म्हणणार नाही. अन्याय हा अन्यायच. तेराव्या वर्षी मिळालेले ते व्हायोलिन पुढे कसे वाजले असते हे कोणासही कधी कळणार नाही, आणि एडी साउथ यांच्यासारखे किती जण असे अर्धवट ऐकू येऊन गेले याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. हिंटन यांचे मोठेपण अन्यायाने घडविले नाही. ते घडले आईच्या हाताने, मेजर स्मिथांच्या शिस्तीने, वृद्ध जॉन्सनच्या औदार्याने, रशियन गुरूच्या गजाने आणि एका धाकट्या सोबत्याच्या उत्साहाने. जे ज्याच्यापाशी होते ते त्याने मागणाऱ्यास दिले. हिंटन यांनी ते सर्व साठवून पुढच्यांस दिले, आणि आपणांस जेथे प्रवेश नव्हता तेथे त्यांस प्रवेश मिळावा म्हणून निधी उभा राहू दिला.

महोत्सवाच्या दिवशी आमच्या देवळात गायनवृंद उभा राहील. वरच्या स्वराची मुले पुढे असतील आणि त्यांचे कौतुक होईल, ते व्हावेच. वाचकांनी त्या दिवशी क्षणभर खालच्या स्वराकडे कान द्यावा. मागच्या रांगेत, बहुधा थोडे वयस्क, थोडे थकलेले चारपाच पुरुष तो धरून उभे असतील. त्यांना तो कोणी शिकविला, आणि त्यांच्यानंतर तो धरावयास त्यांनी कोणास शिकविले आहे, हे दोन प्रश्न आम्ही महोत्सव समितीपुढे नम्रपणे ठेवतो. पहिल्याचे उत्तर जुन्या माणसांच्या आठवणीत मिळेल. ती माणसे आहेत तोवर ते लिहून घ्यावे. दुसऱ्याचे उत्तर मिळावयाचे असेल तर एखाद्या रविवारी मिस्सेनंतर चार मुलांस बाकावर बसवून स्वर वाचावयास लावले पाहिजे. मोठी इमारत नको, मोठा निधी नको; एक शिकविणारा आणि चार शिकणारे एवढ्यावर काम सुरू होते. परमेश्वर त्यास यश देवो.